टोकन देण्याआधी: वारसांचा आणि कर्जाचा जुना फ्लॅट घेताना, विकताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात, महापालिका हद्दीत, १८-२० वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके ९० लाखांना ठरतोय. फ्लॅट वडील आणि मुलगा अशा दोघांच्या नावावर आहे. वडील वारले. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचंच नाव होतं, त्यामुळे ‘आता सगळा फ्लॅट माझाच’ असं तो सांगतो. बँकेचं २२ लाख कर्ज बाकी आहे. एजंट म्हणतो, रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. द्यावेत का? आणि पुढे काय काय बघायचं?

मी वकील आहे, कामाचा मोठा भाग खरेदीखतं आणि टायटल तपासणी. अशा व्यवहारात विकणाऱ्या बाजूचे लोकही माझ्याकडे येतात आणि त्यांच्या शंका याच कागदांभोवती फिरतात, म्हणून दोन्ही बाजूंचं एकत्रच लिहिते.

रविवारी पैसे देऊ नका. फ्लॅट वाईट आहे म्हणून नव्हे. तो कदाचित चांगलाच असेल. पण आत्ता तुम्ही ज्याला पैसे देणार आहात तो एकटा हा फ्लॅट विकूच शकत नाही. रिसेलचे व्यवहार किमतीवरून फारसे फिसकटत नाहीत, किंमत दोन बैठकांत जुळते. फिसकटतात ते पैसा आणि कागद यांचा क्रम चुकल्याने. पैसे पुढे गेले आणि कागद मागे राहिला की घेणारा अडकतो. चावी आधी गेली आणि पैसे मागे राहिले की विकणारा. तेव्हा प्रत्येक हप्त्याआधी एकच विचारायचं: या रकमेच्या बदल्यात आज माझ्या हातात कोणता कागद येतोय?

आधी मालकी बघू. नॉमिनी म्हणजे मालक हा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे. सोसायटीच्या दृष्टीने नॉमिनी हा वारसांच्या वतीने हिस्सा सांभाळणारा माणूस. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आलं, त्यातही नॉमिनीला वारसांची नोंद होईपर्यंत तात्पुरता सभासद करून घेता येतं, एवढंच आहे. मालकी ठरते वारसा कायद्याने.

करारात हिस्से वेगळे लिहिलेले नसतील तर वडिलांचा निम्मा आणि मुलाचा निम्मा असं धरू. मृत्युपत्र नसेल आणि हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर वडिलांचा निम्मा हिस्सा त्यांची पत्नी, मुलगा, मुलगी आणि त्यांची आई यांच्यात सारखा वाटला जातो. ‘त्यांची आई’ इथे लोक हमखास गडबडतात. आजी हयात असेल तर तीही पहिल्या वर्गाची वारस आहे. बहिणीचं लग्न झालेलं असणं, ती परदेशात असणं, ‘तिला काही नको आहे’ असं भावाने सांगणं, या कशानेही तिचा हक्क जात नाही. म्हणजे बायको, मुलगा, मुलगी, आजी असे चौघे असतील तर प्रत्येकाला वडिलांच्या निम्म्याचा चौथा, म्हणजे एकूण फ्लॅटचा आठवा हिस्सा. मुलाकडे स्वतःचा निम्मा धरून पाच अष्टमांश. उरलेले तीन अष्टमांश तीन बायकांचे आहेत आणि त्यांच्यापैकी एकीशीही तुमचं अजून बोलणं झालेलं नाही.

यावर दोन उपाय. एक, आई, बहीण आणि आजी यांनी मुलाच्या नावे हक्कसोडपत्र करून ते नोंदवायचं आणि मग मुलाने एकट्याने विकायचं. दुसरा, चौघांनीही करारावर ‘लिहून देणार’, म्हणजे विकणारे, म्हणून सह्या करायच्या. मला दुसरा बरा वाटतो. कागद एक कमी होतो, पैसे ज्याचे त्याला थेट जातात आणि पुढे ‘मला अंधारात ठेवलं’ म्हणायला जागा राहत नाही. काही ठिकाणी वारसांना नुसतं ‘संमती देणार’ म्हणून घेतात. ज्याचा हिस्सा आहे त्याने हिस्सा विकला असं कागदावर सरळ दिसलं पाहिजे, असं माझं मत आहे. साध्या कागदावरची ना-हरकत, नोटरीचं शपथपत्र, व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ यांपैकी कशानेही हिस्सा सुटत नाही.

आजी अंथरुणाला खिळलेली असेल तर तिला उचलून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न्यायची गरज नाही. नोंदणी कायद्यात गृहभेटीची सोय आहे, अर्ज आणि फी भरून अधिकारी घरी येतात. आणि कोणी ‘मुलाकडे सगळ्यांचं मुखत्यारपत्र आहे’ म्हणालं, तर ते नोंदवलेलं आहे का, त्यात याच फ्लॅटच्या विक्रीचा स्पष्ट अधिकार आहे का आणि देणारी माणसं आजच्या तारखेला हयात आहेत का, हे तीन प्रश्न विचारा. देणारा गेला की साधं मुखत्यारपत्रही संपतं. निव्वळ मुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेण्याची’ पद्धत तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणातच निकालात काढली. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते.

आता टोकन. व्यवहार थांबवून धरायला काहीतरी द्यावं लागतं हे मान्य. पण रक्कम लहान ठेवा, चेकने किंवा खात्यावर द्या, मालकांच्या नावे द्या, एजंटच्या नाही. आणि विसार पावती, म्हणजे टोकनची अटींसह लेखी पावती, करा. त्यात फ्लॅट क्रमांक, पूर्ण किंमत, किती दिवसांत करार करायचा हे असतंच. जे नसतं आणि असायला हवं, ते असं लिहून घ्या: ‘सदर मिळकतीचे मालकी हक्क निर्वेध व निष्कंटक नसल्याचे आढळल्यास, अथवा कायदेशीर वा तांत्रिक कारणाने लिहून घेणार यांस गृहकर्ज मंजूर न झाल्यास, लिहून देणार यांनी विसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांच्या आत विनाकपात परत करावयाची आहे.’ या वाक्याला विकणारा तयार नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजा. विकणाऱ्यासाठी याची उलट बाजूही योग्य आहे: घेणाऱ्याने निव्वळ मन बदललं म्हणून माघार घेतली तर ठरावीक रक्कम कापली जाईल, असं लिहून घ्यायला संकोचू नका. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर ते प्रत्येक फ्लॅटला असतं. खरोखर असलं तर त्याच्या वकिलालाही आजी सापडणारच आहे.

विसार पावतीनंतर तपासणी. मूळ बिल्डरशी झालेला करार, मधे विक्री झाली असेल तर तो प्रत्येक करार, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), शेअर सर्टिफिकेट, कर पावती, वडिलांचा मृत्यूचा दाखला. साखळीत एक जरी करार गहाळ असला तर बँकेचा वकील तिथेच अडवतो. मूळ करार ‘हरवला’ असं उत्तर आलं तर पोलिसांकडची तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत एवढं मागा. पण आधी तो कुणा सावकाराकडे गहाण तर नाही ना, ही शंका मनात ठेवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये स्वतः शोध घेता येतो, तो जरूर घ्या, मात्र ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडूनच घ्या. महाराष्ट्रात मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाचीही सूचना कर्जदाराला निबंधकाकडे नोंदवावी लागते, त्यामुळे चांगल्या शोधात ती दिसते. वारसांचा मामला असल्याने जाहीर नोटीस मी तरी टाळणार नाही. १४-१५ दिवस जातात, जाऊ द्या.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती शहरात पुष्कळ आहेत आणि लोक त्यात सुखाने राहतातही. पण कर्ज, पाण्याचा दर आणि पुढची विक्री या तिन्ही ठिकाणी ते नडतं, म्हणून किमतीत त्याचा हिशेब धरा. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीकडे जाणं) झालं आहे का हेही विचारा. बिल्डरने केलं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने ते करून घेण्याचा मार्ग आहे, पण पुनर्विकासाच्या आशेने जास्त भाव देत असाल तर हा कागद नसणं म्हणजे काही वर्षांचा खोळंबा. जमीन वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), म्हाडाची किंवा सिडकोची असेल तर त्या त्या कार्यालयाची परवानगी आधी, पैसे नंतर.

पार्किंगबद्दल एजंट ‘फ्लॅटसोबत कव्हर्ड पार्किंग’ असं ठोकून देतात. उघडं किंवा स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डर स्वतंत्र विकू शकत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. सोसायटीत ते सोसायटीच वाटते. तेव्हा जागेचं वाटपपत्र आहे का आणि नव्या सभासदाला तीच जागा मिळेल का, हे सेक्रेटरीकडून लेखी घ्या.

सोसायटीकडून आणखी दोन गोष्टी. एक, थकबाकी नसल्याचा दाखला. दुसरी, हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम. महापालिका क्षेत्रात ते जास्तीत जास्त २५,००० रुपये, असं शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. तरीही ‘बिल्डिंग फंड’, ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावांनी लाखाची मागणी होते. ऐच्छिक असेल तर आमची इच्छा नाही, असं नम्रपणे लेखी कळवता येतं. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) हस्तांतरणाला सोसायटीचं ना-हरकत पत्र सक्तीचं नाही, पण तुमची बँक ते मागणार, म्हणून कमिटीशी पहिल्याच दिवशी भांडण काढू नका. शेजारी त्यांच्याच राहायचं आहे.

पैशाचं गणित आता मांडू, कारण इथे बहुतेक जोडपी दोन-चार लाखांनी तोंडावर पडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांवर ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, ७५ लाखांवरच्या कर्जाला ७५ टक्के. म्हणजे ९० लाखांवर जास्तीत जास्त ७२ लाख, तेही बँकेच्या मूल्यांकनात फ्लॅट ९० लाखांचा ठरला तर. १८ लाख पदरचे. त्यावर मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, ६ लाख ३० हजार. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,००० रुपये. या दोन्हींसाठी अशा घराला गृहकर्ज मिळत नाही. झाले २४ लाख ६० हजार. दलाली, वकील, रंगरंगोटी वेगळी. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, तेव्हा तो दर आधी पाहून ठेवा.

फ्लॅट फक्त स्त्रीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ९०,००० रुपये. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सवलत गेली. पण घाई करू नका: कर्ज नवऱ्याच्या पगारावर असेल आणि तो मालकच नसेल, तर व्याजाची कर-वजावट त्याला मिळत नाही. कोणती बाजू भारी पडते ते तुमच्या कर-सल्लागाराकडून काढून घ्या.

‘थोडे रोख द्या, करार ७५ चा करू’ ही सूचना कधी ना कधी येतेच. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती घेणाऱ्या विक्रेत्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय करारातली किंमत सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल, तर विकणाऱ्याचा नफा सरकारी मूल्यावर मोजला जातो आणि फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. आणि साधी गोष्ट: बँक कर्ज देणार ते ७५ लाखांवर. उरलेले १५ तुम्ही कुठून आणणार?

किंमत ५० लाख किंवा त्यावर असली की घेणाऱ्याने विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आगाऊ कापलेला प्राप्तिकर) कापून सरकारकडे भरायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून विक्रेते कितीही असले तरी ही मर्यादा एकूण किमतीवर बघतात, ‘प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत आहे’ ही पळवाट बंद झाली. तुमच्या व्यवहारात ९०,००० रुपये कापायचे: मुलाचे ५६,२५० आणि आई, बहीण, आजी यांचे प्रत्येकी ११,२५०, ज्याच्या त्याच्या पॅनवर. आजीचं पॅन नसेल तर तिच्या हिश्श्यावर २० टक्के कापावे लागतील, म्हणून पॅनचा अर्ज आजच करायला सांगा. बहीण अनिवासी असेल तर तिला हा १ टक्क्याचा नियम लागूच नाही. तिचा टीडीएस बराच जास्त असतो आणि ते काम सीएकडे सोपवा. ही कापलेली रक्कम तुमच्या स्वतःच्या १८ लाखांतून वजा करा, कारण बँक आपले ७२ लाख पूर्ण देऊन मोकळी होते आणि मग कापायला हातात काही उरत नाही. ज्या महिन्यात कापली तो संपल्यापासून ३० दिवसांत भरायची.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग: विकणाऱ्याचं २२ लाखांचं कर्ज. मूळ कागद त्याच्या बँकेत आहेत. तुमची बँक म्हणते, मूळ कागद द्या. त्याची बँक म्हणते, आधी पैसे भरा. ही कोंडी रोजची आहे आणि सुटतेही, फक्त टप्पे असे पडले पाहिजेत. विकणाऱ्याने आपल्या बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि बँकेत जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्यायची. त्या पत्रावर मुदत असते, व्याज रोज चढतं, म्हणून ते फार आधी काढू नका. त्यावर तुमची बँक कर्ज मंजूर करते. मग तुमच्या हिश्श्याचे १८ लाख, टीडीएस वजा करून, कराराच्या दिवशी द्यायचे आणि करार नोंदवायचा. त्यानंतर तुमची बँक २२ लाख थेट विक्रेत्याच्या कर्जखात्यावर देते. ती रक्कम विक्रेत्याच्या बचत खात्यातून फिरवू नका, त्याने कितीही गोड बोलून सांगितलं तरी. कर्ज मिटल्यावर मूळ कागद सुटतात, ते तुमच्या बँकेचा माणूस ताब्यात घेतो आणि उरलेले ५० लाख चौघांच्या खात्यांवर, करारात लिहिलेल्या वाटणीप्रमाणे, जातात. चावी त्या दिवशी.

कागद सोडायला बँका पूर्वी महिनोनमहिने लावत. डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. फ्लोटिंग व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंडही नाही. विक्रेत्याच्या बँकेत कोणी तसं मागितलं तर परिपत्रक दाखवा.

विकणाऱ्या मुलासाठी थोडं वेगळं. जाहिरात टाकण्याआधी फाइल तयार ठेवा: वारसांच्या सह्यांची तयारी, सगळ्यांची पॅन, सोसायटीचा दाखला, कर्जाचा ताजा उतारा. फाइल तयार असलेल्या विक्रेत्याला भावात फारसं कोणी खेचत नाही, कारण समोरच्याकडे खेचायला निमित्तच उरत नाही. घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीला मुदत घाला आणि ती टळली तर काय, हे करारात लिहा. ‘फर्निचरचं काम सुरू करतो, चावी द्या’ या विनंतीला पूर्ण पैसे येईपर्यंत नाही म्हणा. आत शिरलेल्या सुताराला बाहेर काढायला कोर्टात जावं लागतं. आधारची प्रत एजंटला देताना क्रमांक झाकून, त्यावर कशासाठी दिली ते लिहून द्या.

नफ्यावरचा कर विसरू नका. २४ महिन्यांहून जास्त काळ असलेल्या घरावर दीर्घ मुदतीचा नफा १२.५ टक्क्यांनी लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं असेल तर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेबही करून बघता येतो, जो कमी तो भरायचा. वारसाने आलेल्या हिश्श्याला वडिलांची खरेदीची तारीख आणि किंमत धरतात. नफा दुसऱ्या घरात घालायचा तर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. नाहीतर सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे, कमाल ५० लाख, पाच वर्षं अडकलेले. आईचा आणि आजीचा हिशेब वेगवेगळा होतो, आणि अनेकदा त्यांना कर फारच थोडा बसतो.

नोंदणीच्या दिवशी मसुदा आदल्या रात्री वाचलेला असावा. नावं पॅनवर आहेत तशीच, चटई क्षेत्र मोजून घेतलेलं, मजला आणि फ्लॅट क्रमांक सोसायटीच्या नोंदीप्रमाणे, चारही हिश्श्यांचे आकडे जुळणारे. करारावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी केलेली बरी. इंडेक्स टू हातात आला की तिथेच उभ्या उभ्या स्पेलिंग तपासा. नंतर चूक दुरुस्ती पत्रासाठी पुन्हा चौघांना गोळा करावं लागतं, आणि तोवर बहीण परत गेलेली असते. मग सोसायटीत हस्तांतरणाचा अर्ज, शेअर सर्टिफिकेटच्या मागे नोंद, मिळकतकर आणि वीजबिलावर नावबदल. सिंकिंग फंडातला (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतला) जुन्या सभासदाचा हिस्सा तुमच्या नावे वळता झाल्याची नोंदही सोसायटीच्या त्याच अर्जात मागून घ्या.